संशयाचे माप

पीएच.डी. करणाऱ्याला लोक विचारतात, निष्कर्ष काय निघाला? त्याचे खरे शिक्षण मात्र वेगळेच असते. आपण कुठवर खात्रीने बोलू शकतो आणि कुठून पुढे नाही, ही हद्द आखायला तो शिकत असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा मला पुण्यात, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत दिसतो. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले, बर्लिनमध्ये हाइनरिष ल्यूडर्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि १९२५ मध्ये या आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. एकट्या आदिपर्वासाठी शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांतल्या सुमारे ६० पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची घरोघरी ठाऊक असलेली कथा परिशिष्टात गेली, कारण पोथ्यांची साक्ष तिच्या बाजूने पुरेशी नव्हती. आदिपर्वाचे कुठलेही पान उघडावे: वर संहिता, खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी, आणि संहितेतल्या काही शब्दांखाली नागमोडी रेघ. पाठ निवडला आहे, पण तो तितकासा पक्का नाही, असे ती रेघ सांगते. मला ही रेघ फार मोलाची वाटते. व्यासांचा मूळ ग्रंथच हाती लागला, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितकेच ते गेले. पण पाठभेदांच्या गर्दीला भिऊन निवड करायचेही त्यांनी टाळले नाही.

यावर कोणी म्हणेल, त्याच महाभारतातली गीता संशयात्म्याचा नाश होतो असे बजावते, मग संशयाचा एवढा गौरव कशाला? पण गीता तिथे ज्याला ज्ञान नाही आणि श्रद्धाही नाही अशा माणसाविषयी बोलते. त्याच अध्यायात ज्ञानासाठी गुरूला प्रश्न विचारावेत असेही सांगते. न्यायदर्शनाने तर संशयाला आपल्या सोळा पदार्थांत स्थान दिले. जे मुळीच ठाऊक नाही किंवा जे ठरून गेले आहे तिथे न्यायाचे काम नसते, संशय असेल तिथेच असते, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो. संशयात बुडणे वेगळे आणि संशयाला नेमकी जागा देणे वेगळे. बुडालेला माणूस सगळ्याच पानावर रेघ ओढतो, आणि मग त्या रेघेला काही अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: मुदत असते, शिष्यवृत्ती संपते, शंका कुरवाळत बसलो तर प्रबंध कधी व्हायचा? याचे उत्तरही त्याच आवृत्तीत आहे. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये छापून आला, पर्व १९३३ मध्ये पुरे झाले. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. आवृत्ती १९६६ मध्ये इतरांनी पूर्णत्वास नेली. कुठे शंका आहे हे छापील पानावरच नोंदले गेल्याने काम अडले नाही, उलट पुढच्याला कुठून शोध घ्यायचा ते कळले. म्हणून मौखिक परीक्षेत विद्यार्थी ‘इथे माझा पुरावा तोकडा आहे’ म्हणाला, तर परीक्षकांनी ते उणे धरू नये. तो का तोकडा आहे आणि काय हाती आले तर मत बदलाल, हे त्याला विचारावे.