माहीत असेल तर

"तुला हे माहीत कसं झालं?"

आमच्या टीम लीडने हे विचारलं तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता, उलट जरा खालीच आला होता. दुपारी चारला पॅन्ट्रीत चहाच्या मशीनपाशी गर्दी असते, म्हणून त्याने मला जिन्यात बोलावलं होतं. मी सकाळी तिकिटावर एक कॉमेंट टाकली होती, तिच्याबद्दल हे चाललं होतं.

काम साधं होतं. अमेरिकेतल्या एका ग्राहकाच्या सर्व्हरचे लॉग आमच्याकडे यायचे. त्यातले संशयास्पद आयपी पत्ते, डोमेन, यूआरएल आमचा प्रोग्राम वेचून काढायचा आणि अशीच माहिती एकमेकांना देणाऱ्या कंपन्यांच्या एका गटाकडे पाठवायचा. एका कंपनीवर सकाळी हल्ला झाला, तर दुपारपर्यंत बाकीच्यांनी दारं लावून घ्यावीत, अशी ही कल्पना. (माहिती ज्या साच्यात जाते त्याचं नाव स्टिक्स, आणि ती वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचं नाव टॅक्सी. हो, खरंच.) पाठवण्याआधी लोकांची खासगी माहिती काढून टाकणारा भाग मी लिहिला होता. मला एक यादी मिळाली होती: नाव, ईमेल, फोन, पत्ता. यादीतला रकाना दिसला की तो कोरा करायचा.

लॉग डोळ्यांनी कोणी वाचत नाही. त्या दिवशी मी वाचला, कारण टेस्ट चालायला वीस मिनिटं लागणार होती आणि मोबाइल चार्जिंगला होता. शंभर ओळी काढल्या. सत्तराव्या ओळीच्या आसपास एका यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे एका बाईचं नाव, जन्मतारीख आणि तिला दवाखान्याच्या कोणत्या विभागाची वेळ हवी होती ते लिहिलेलं होतं. यूआरएल आमच्या यादीत नव्हता. कसा असेल? यूआरएल तर आम्ही पाठवत होतो.

"एकदा तिकिटावर लिहिलंस की आपल्याला माहीत झालं," तो म्हणाला. "तोंडी सांगितलं असतंस तर बघितलं असतं ना."

मी कॉमेंट काढून टाकली.

तो वाईट माणूस नाही. मी आजारी असताना माझ्या वाटचं रिलीज त्याने रात्रभर बसून केलं आहे. म्हणूनच त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. पुढे कधीतरी, ग्राहकाच्या वकिलांचा एक कागद समजून घेण्यासाठी मी मूळ अमेरिकी कायदा उघडला, तेव्हा कळलं की ते वाक्य त्याचं नव्हतंच. त्याच्यावर सिनेटमध्ये मतदान झालं होतं.

२०१५ चा सायबरसिक्युरिटी इन्फर्मेशन शेअरिंग अॅक्ट, म्हणजे 'सिसा'. त्याआधी 'सिस्पा' नावाचा त्याचा थोरला भाऊ प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर झाला होता: एप्रिल २०१२ मध्ये २४८ विरुद्ध १६८ आणि एप्रिल २०१३ मध्ये २८८ विरुद्ध १२७. दोन्ही वेळा ओबामांच्या व्हाइट हाउसने नकाराधिकाराचा इशारा दिला आणि दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडकलं. मग २०१५ च्या जूनमध्ये बातमी आली की सरकारी नोकरांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'ओपीएम' या कार्यालयात चोरी झाली आहे. अंतिम आकडा २ कोटी १५ लाख लोकांवर गेला. सुरक्षा तपासणीसाठी भरलेले अर्ज, त्यात कर्ज, आजार, नातेवाईक, सगळं. शिवाय ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे. पासवर्ड बदलता येतो. बोटं बदलता येत नाहीत.

या वातावरणात रिपब्लिकन रिचर्ड बर आणि डेमोक्रॅट डायॅन फाइनस्टाइन यांचं विधेयक सिनेटपुढे आलं. त्यांचा मुद्दा समजायला अवघड नाही. कंपन्यांना हल्ल्याची माहिती द्यायची असते, पण खटल्याची भीती वाटते. म्हणून कायद्याने सांगायचं: तुम्ही स्वेच्छेने, ठरवून दिलेल्या पद्धतीने माहिती दिलीत तर तेवढ्यासाठी तुमच्यावर दावा चालणार नाही. बँका आणि चेंबर ऑफ कॉमर्स बाजूने होते. अॅपल, ट्विटर, ड्रॉपबॉक्स यांनी जाहीर विरोध केला. ओरेगॉनचे रॉन वायडन म्हणत राहिले की हे सायबर सुरक्षेचं नाव लावलेलं पाळत ठेवण्याचं विधेयक आहे. ओपीएममध्ये चोर एका कंत्राटदाराच्या खात्याचे चोरलेले तपशील वापरून शिरले होते. तिथे माहितीची देवाणघेवाण कमी पडली नव्हती, दाराला नीट कुलूप नव्हतं. पण मोठी चोरी झाल्यावर संसदेला काहीतरी करावं लागतं, आणि हातात जे तयार असतं तेच केलं जातं.

२७ ऑक्टोबर २०१५ ला दुरुस्त्यांवर मतदान झालं. मला खिळवून ठेवलं ते त्यातल्या दोन दुरुस्त्यांनी.

विधेयकात लिहिलं होतं की माहिती देण्याआधी ती तपासा, किंवा ती गाळणारी तांत्रिक यंत्रणा बसवा (म्हणजे माझी स्क्रिप्ट), आणि धोक्याशी थेट संबंध नसलेली जी माहिती एखाद्या व्यक्तीची आहे हे देतेवेळी तुम्हाला माहीत असेल, ती काढून टाका. माहीत असेल, ती. वायडन यांची दुरुस्ती म्हणत होती की शक्य असेल तितकी काढा. ती ४१ विरुद्ध ५५ ने पडली. नेवाडाचे डीन हेलर यांची मागणी त्याहून लहान होती. 'माहीत असेल' या शब्दांच्या जागी 'तसं मानायला रास्त कारण असेल' एवढंच घाला. ती ४७ विरुद्ध ४९ ने पडली. दोन मतांनी.

आमच्या जिन्यातलं संभाषण त्या दोन मतांच्या फटीत बसतं. 'रास्त कारण' असं लिहिलं असतं तर माझ्या लीडला विचारावं लागलं असतं की यूआरएलमध्ये माणसांची नावं असू शकतात हे आपल्याला कळायला हवं होतं का. कोणत्याही प्रोग्रामरला ते कळतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी फॉर्म बनवताना आपण सगळ्यांनी तो गाढवपणा केलेला असतो. 'माहीत असेल' असं लिहिलं असल्यामुळे त्याने दुसरा प्रश्न विचारला: तुला हे माहीत कसं झालं? पहिला प्रश्न माणसाला लॉग उघडायला लावतो, दुसरा बंद करायला.

क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका निबंधात जहाजमालकाची गोष्ट रचली होती. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. तो स्वतःला समजावतो, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, देव आहे. शंका जाते, जहाज निघतं, बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण असा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. मला हे दुसरं पटायला वेळ लागला. त्या बाईची माहिती गटातल्या कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. लाखो ओळींत कोण बघतं? पण तिचं काही बिघडलं नाही, यात माझं कर्तृत्व काय?

आपल्याकडे अशा वेळी 'नरो वा कुंजरो वा' आठवतं. ते इथे बसत नाही. मेला तो अश्वत्थामा नावाचा हत्ती आहे हे धर्मराजाला पक्कं माहीत होतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं म्हणून तो अर्धं पुटपुटला, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. आमच्या पद्धतीत रथ खाली येण्याची वेळच येत नाही. हत्ती मेला की माणूस हे धर्मराजाला कळणारच नाही अशी व्यवस्था आधी करायची. मग तो छातीठोकपणे, पूर्ण आवाजात, खरं बोलू शकतो.

आता दुसरी बाजू, कारण तीही मीच जगले आहे. कॉमेंट काढल्यावर दोन दिवसांनी मी गुपचूप एक बदल केला: यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढचं सगळं उडवायचं. त्या रात्री मला छान झोप लागली. पुढच्या आठवड्यात विश्लेषकांची तक्रार आली की आमच्या यूआरएलचा उपयोग होत नाही. बरोबर होतं त्यांचं. हल्लेखोराची खूण बऱ्याचदा प्रश्नचिन्हाच्या पुढेच असते. एका हल्ल्याची खूण मी तशी पुसली होती, आणि ती वेळेत मिळाली असती तर गटातल्या दुसऱ्या कुणाला दार लावून घेता आलं असतं. माझा बदल मागे घेतला गेला. 'शक्य असेल तितकी काढा' हे वाचायला सोपं आहे; शक्य म्हणजे काय हे ठरवताना एकीकडे ती बाई असते आणि दुसरीकडे अजून हल्ला न झालेलं एखादं हॉस्पिटल. फाइनस्टाइन यांच्या बाजूने मत देणारे सगळे कंपन्यांच्या खिशात होते असं म्हणणाऱ्यांनी एकदा ही स्क्रिप्ट लिहून बघावी.

तरीही. काय ठेवायचं हे बघून ठरवणं वेगळं आणि ठरवावं लागू नये म्हणून न बघणं वेगळं. हेलर यांची दुरुस्ती प्रश्नचिन्हापुढचं सगळं पुसा असं म्हणत नव्हती. ती फक्त बघायला लावत होती.

अखेरचं मतदान त्याच दिवशी झालं. ७४ विरुद्ध २१. दोन्ही पक्षांची नावं दोन्ही बाजूंना आहेत. सँडर्स आणि वॉरन विरोधात, हेलर आणि वायडनही. पाच जण गैरहजर. विधेयकाला उघड विरोध करणारे रँड पॉल त्यांत होते, तेव्हा ते राष्ट्राध्यक्षपदासाठी फिरत होते.

मी ते आकडे मोबाइलवर बघत बसले होते आणि एक वजाबाकी केली. हेलर यांच्या बाजूने ४७ जण होते. शेवटी विरोधात २१. गैरहजर पाचही जण त्या ४७ मधले धरले तरी किमान २१ सिनेटर असे उरतात, ज्यांना 'माहीत असेल' हे शब्द अपुरे आहेत असं वाटत होतं आणि ज्यांनी त्याच शब्दांच्या कायद्याला हो म्हटलं. यांना काय म्हणायचं? त्यांनी प्रयत्न केला, हरले, आणि काहीच नसण्यापेक्षा हे बरं म्हणून मत दिलं. संसदीय कामकाज यावरच चालतं, नाहीतर एकही कायदा होणार नाही. मीही तेच केलं: बदल केला, हरले, आणि पुढच्या रिलीजवर माझं नाव आहे. फरक एवढाच की त्यांची मतं नावानिशी नोंदलेली आहेत, आणि मी माझी कॉमेंट पुसली.

डिसेंबरमध्ये हा मजकूर थोड्या बदलांसह सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या, दोन हजारांवर पानांच्या विधेयकात घातला गेला. त्याला नाही म्हणणं म्हणजे सरकारी कार्यालयं बंद पाडणं. प्रतिनिधिगृहात ३१६ विरुद्ध ११३, सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३, आणि १८ डिसेंबरला ओबामांची सही. या दुसऱ्या मतदानातून कोणाला 'माहीत असेल' हे शब्द चालत होते ते काढता येत नाही. कुणी रस्त्यासाठी मत दिलं, कुणी पेन्शनसाठी.

आपल्याकडे काय? २८ एप्रिल २०२२ ला 'सर्ट-इन'ने आदेश काढला: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपून ठेवा. मी ते नियम आमच्या सिस्टिममध्ये बसवले आहेत. त्यावर संसदेत मतदान झालं नाही, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याने तो अधिकार आधीच देऊन ठेवला होता. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकावर मात्र मत झालं: ऑगस्ट २०२३, ७ तारखेला लोकसभेत, ९ तारखेला राज्यसभेत. दोन्हीकडे आवाजी मतदान. मतविभागणीने नावं नोंदवायची सोय सभागृहात आहे, पण ती कुणीतरी मागावी लागते. लोकसभेत मणिपूरवरून गदारोळ चालू होता, राज्यसभेतून विरोधकांनी सभात्याग केला. त्या कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलमही बदललं. माझ्या मतदारसंघाच्या खासदाराने होय म्हटलं, नाही म्हटलं, की तो तेव्हा बाहेर होता? मी तासभर शोधलं. तशी नोंदच नाही. त्यालाही विचारलं तर तो शपथेवर सांगू शकेल की आवाज मोठा होता.

'सिसा'ची मुदत दहा वर्षांची होती. ३० सप्टेंबर २०२५ ला ती संपली, दीड महिना कायदा लटकला, आणि मग नोव्हेंबरमध्ये पुन्हा एका खर्चाच्याच विधेयकातून त्याला जानेवारी २०२६ अखेरपर्यंत तात्पुरती मुदतवाढ मिळाली. 'माहीत असेल' हे शब्द जसेच्या तसे पुढे गेले.

मधल्या काळात मी टीम बदलली. आमच्या तिकिटांच्या सिस्टिममध्ये पुसलेल्या कॉमेंटची खूण राहते. मजकूर दिसत नाही, पण कुणी, किती वाजता पुसली ते दिसतं. मागच्या आठवड्यात मी ते जुनं तिकीट शोधून काढलं. बंद होतं. खाली नवी कॉमेंट टाकायचा रकाना अजून चालू होता. मी त्यात दोन ओळी लिहिल्या: यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढे व्यक्तींची नावं आणि आरोग्याची माहिती येते, मी स्वतः पाहिली आहे, तारीख अमुक. सेव्हचं बटण दाबलं. पाच मिनिटांत जुन्या लीडचा मेसेज आला. फक्त एक प्रश्नचिन्ह.