शेवटच्या पंगतीतली औषधं

माझ्या मावशीला हृदयविकाराचा झटका आला, त्या रात्री ती दोन तास ओवा चावत बसली होती. छातीत फारशी कळ नव्हती. जबडा आणि पाठ भरून आली होती, मळमळत होतं, अंगाला दरदरून घाम सुटला होता. ‘पित्त झालंय, सकाळपर्यंत उतरेल,’ असं मनाशी म्हणत तिनं कुणाला उठवलं नाही, कारण मुलाला सकाळी पहिल्या पाळीला जायचं होतं. अगदीच सोसेना तेव्हा तिनं हाक मारली. मग १०८ ला फोन गेला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. मावशी वाचली. पाचव्या दिवशी घरी आली आणि आठव्या दिवशी पोळ्या लाटायला उभी राहिली.

महिन्याभरानं मी भेटायला गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन एकटीच बसली होती. ओट्यावर गोळ्यांची डबी होती आणि सकाळचा कप्पा तसाच भरलेला. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘अरे, आज संकष्टी. उपाशीपोटी कशा घेणार? उद्या दोन्ही दिवसांच्या एकदम घेईन.’’

याच घरात सहा वर्षांपूर्वी काकांना झटका आला होता. तेव्हा सगळ्या घराची आमटी कमी मिठाची झाली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. मावशी रोज पहाटे त्यांच्याबरोबर फिरायला निघे आणि जेवण झालं की गोळी त्यांच्या तळहातावर ठेवी. काकांचं पथ्य अख्ख्या घरानं पाळलं. मावशीचं पथ्य मात्र तिचं तिनंच पाळायचं होतं, तेही घरातलं काम उरकून.

ही एका घराची गोष्ट नाही, म्हणून लिहितो आहे.

स्टेंट बसला म्हणजे आजार संपला, हा समज आधी सोडला पाहिजे. स्टेंट एका ठिकाणचा अडथळा दूर करतो. बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच राहतात. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर द्याव्या लागतात, आणि त्यांतली एक बहुधा कायमची असते. त्या मनानं बंद केल्या तर स्टेंटच बंद पडू शकतो. चुकलेल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून निघत नाहीत. उपवास करायचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून, एकही गोळी न चुकवता. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा; आणि त्यात पापड, लोणचं, उपवासाचे वेफर्स सगळंच आलं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांच्या चालण्यापर्यंत पोचायचं. आणि मशेरी! कितीतरी बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. ती तंबाखूच आहे, आणि ती सुटलीच पाहिजे.

झटक्यानंतर मन खचतं, रडू येतं, झोप उडते. तेही दुखण्यातच मोडतं आणि डॉक्टरांना सांगायचं असतं. झटक्यानंतरचा व्यायाम, आहार आणि समुपदेशन यांची सोय असते तिथेही पुरुषांपेक्षा बायका कमी पोचतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यांना तिथे नेणारं कुणी नसतं आणि त्या वेळेत घरचं करणारंही कुणी नसतं.

महाराष्ट्रात अँजिओप्लास्टीचा खर्च उचलणारी सरकारी योजना आहे. २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादाही घातली. पण सरकार हात देणार तो दवाखान्याच्या दारापर्यंत. पुढची रोजची गोळी घरातच घ्यायची असते. खर्च उचलणारी ती योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा बाईचं आयुष्य तिचं स्वतःचंही असतं, हेच समाजाला सांगितलं. ते आपण शाळेपुरतं ऐकलं, स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचू दिलेलं नाही.

‘आम्ही सांगतो हो, पण ती ऐकतच नाही,’ हे उत्तर घरोघरी मिळतं. ती ऐकत नाही, कारण न ऐकण्याचंच आपण जन्मभर कौतुक केलं. ‘कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही’ हे वाक्य किती शोकसभांत ऐकलं असेल! ते कौतुकाचं नाही. घरातल्या प्रत्येकानं मान खाली घालावी असं ते वाक्य आहे.

आणि माझ्या आया-बहिणींनो, जीव वाचल्यावर तो जपणं हा स्वार्थ नाही. दुखतंय तर रात्री दोन वाजताही घर उठवा. थकवा आला तर बसा. पोळ्या दुसऱ्याला लाटता येतात. तुमची गोळी तुमच्याच पोटात जावी लागते.

त्या दुपारी मी काकांशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली, मावशीच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. परवा गेलो तेव्हा रात्रीची पानं वाढली होती. मावशी नेहमीसारखी वाढायला उभी. काकांनी तिचं ताट आपल्या शेजारी मांडून घेतलं आणि ती बसेपर्यंत घासाला हात लावला नाही. जेवण झाल्यावर गोळी त्यांच्या तळहातावर होती, तिच्यासाठी.