मानधन घ्यावे

हर्सूलच्या कारागृहातून एखाद्या कैद्याचे अपील उच्च न्यायालयाच्या जालना रोडवरच्या खंडपीठात येते. वकील लावायला त्याच्याजवळ पैसे नसतात. घरची माणसे दूर लातूरकडच्या नाहीतर नंदुरबारकडच्या खेड्यात, तारखेला यायचे तर एसटीच्या भाड्याचीच विवंचना. अशा वेळी न्यायालय त्याच्यासाठी वकील नेमते. तो वकील पेपर बुक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांचा संच, घरी नेतो, एकेक साक्ष पुन्हा पुन्हा वाचतो, हातातली फीची कामे बाजूला ठेवून युक्तिवाद तयार करतो. निकालाच्या शेवटी न्यायमूर्ती त्याच्या मेहनतीची दखल घेतात आणि विधी सेवा उपसमितीने त्याला किती रक्कम द्यायची ते नमूद करतात. नेहमीच्या फीपुढे ही रक्कम फार थोडी असते.

तरी तिच्यामागे मोठा विचार आहे. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की गरीब कैद्याला वकील मिळालाच पाहिजे आणि त्या वकिलाला न्यायालय ठरवील ती योग्य रक्कम राज्याने दिली पाहिजे. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाची निदान १० वर्षे वकिली झालेली असावी आणि तयारीला त्याला साधारण ७ दिवस तरी मिळावेत. कुणाचे तरी उभे आयुष्य पणाला लागलेले असताना हे काम उरकायचे नसते.

काही ज्येष्ठ वकील हे मानधन नम्रपणे नाकारतात. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी मानतो. पण त्याच बाररूममध्ये गावाकडून आलेला, खोलीचे भाडे भरताना मेटाकुटीला येणारा तरुण वकीलही बसलेला असतो. मोठ्यांचे नाकारणे हाच रिवाज होऊन बसला, तर आपल्या हक्काचे चार पैसे मागताना त्याची जीभ अडखळते. सेवाभाव फक्त ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच परवडावा, असे होता कामा नये.

म्हणून ज्येष्ठांना विनंती आहे, मानधन घ्या. स्वतःसाठी नको असेल, तर ज्या ज्युनिअरने तुमच्यासोबत बसून ते पेपर बुक वाचले, त्याच्या हाती द्या. आणि ज्यांच्याकडे ही बिले येतात, त्यांनी ती पडून राहू देऊ नयेत.