डोंगरातील दफ्तर

जगातील विख्यात स्मारकांची गणना करू लागले, की गीझाचा पिरॅमिड आणि आग्ऱ्याचा ताजमहाल ही नावे आपसूक ओठांवर येतात. एकात खुफू राजाचा देहापलीकडे उरण्याचा हट्ट आहे, दुसऱ्यात शाहजहानचा पत्नीशोक आहे, आणि ज्या सहस्रावधी हातांनी ते दगड वाहिले व घडविले, त्यांतील एकाचेही नाव आपल्या पाठात नाही. हाच गज घेऊन जुन्नरच्या डोंगरांत हिंडणाऱ्याला मात्र थबकावे लागते.

उरण्याचा तो हट्ट इथेही होताच. कोकणातून देशावर चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची यादी आहे. मागच्या भिंतीवर राजकुलातील आठ व्यक्तींच्या मूर्ती होत्या व प्रत्येकीच्या माथ्यावर नाव कोरलेले होते. मूर्ती गेल्या, उरल्या त्या पावलांच्या खुणा. पण दक्षिणेचा हिशेब नोंदविताना जे अंक खोदले गेले, ते भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत गणले जातात, आणि बाहेर वाटेवर उभा असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक आजही दाखवितात. राजांच्या मुखांपेक्षा त्यांच्या राज्यातील हिशेब अधिक टिकला, हे पाहून मला विषाद वाटत नाही. उलट त्या अंकांपुढे मी अधिक वेळ उभा राहतो.

खुद्द जुन्नरभोवतीच्या लेण्यांत तर राजे विरळच. तेथे वीरसेनक नावाचा प्रमुख गृहस्थ सर्व लोकांच्या हितसुखासाठी चैत्यगृह देतो, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके देते, इरिल नावाचा यवन दोन टाकी खोदवितो, तर चिट नावाचा दुसरा यवन संघाला भोजनमंडप अर्पण करतो. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख दरमहाच्या रकमांसह येतो. आणि आडुथुम नावाच्या शक उपासकाने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी व नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी लावून दिले आहे. झाडांच्या खर्चाची तरतूद दगडात खोदून ठेवणारी ही माणसे मला पिरॅमिडच्या धन्यापेक्षा जवळची वाटतात, कारण त्यांनी आपल्या नावाबरोबर एक कर्तव्यही मागे ठेवले.

2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत शिवरायांच्या जन्माने पावन झालेला शिवनेरी आहे, याचा अभिमान कोणाला नसेल? मात्र त्याच शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत; गड चढणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून तीही पाहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेण्याद्रीचे भाग्य थोर, की तेथील खांबांविना तोललेल्या प्राचीन विहारात गिरिजात्मज गणपती विराजमान झाला आणि भाविकांचा पायरव अद्याप थांबलेला नाही.

शेजारच्या आंबेगावाला दगडाचाही आधार राहिला नाही. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे, आणि तेथील सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तालुक्याच्या रकान्यात त्या बुडालेल्या गावाचेच नाव लिहिले जाते.