‘नको’ म्हणणाऱ्याच्या बाजूला कोण?



लग्नसराई आली की मांडवात एक वाक्य हमखास ऐकू येते, “अरे, एका पेगने काय होते? आमच्या आनंदासाठी तरी घे!” समोरचा अठरा वर्षांचा मुलगा गोंधळतो. त्याला दारू नको असते, पण मित्र हवे असतात. तो ग्लास उचलतो. चूक कुणाची?

“मुलगाच कमकुवत,” असे आपण चटकन म्हणतो. निर्णय त्याचा, म्हणून जबाबदारीही त्याची, हे खरे. पण आग्रह करणाऱ्याचे काय? महाराष्ट्रात कायद्याने दारूसाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, सौम्य बिअर आणि वाईनसाठी 21. मग त्या मुलाच्या हाती ग्लास देणारा मित्र असो की मामा, तो त्या पापात वाटेकरी नाही का? रात्री मुलगा मोटारसायकलला किक मारतो, तेव्हा आग्रह करणारे कुणीही सोबत नसते.

“येशूनेही काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला,” असे कुणी म्हणेल. होय, केला. पण त्याने एका घराची लाज राखली. आपण मात्र न पिणाऱ्याला लाजवतो.

जुन्या करारातला दानिएल आठवा. परक्या बाबेलमध्ये, राजाच्या वाड्यात, त्या तरुणाने राजाचा द्राक्षारस नाकारला आणि दहा दिवस भाजीपाला व पाणी मागून घेतले. पण तो एकटा नव्हता. हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या हे मित्र त्याच्यासोबत होते. मित्रांची संगत वाकवते, तशीच ती ताठ उभेही करते.

म्हणून युवक-युवतींनो, पार्टीला जाण्यापूर्वी निदान दोघांनी तरी ठरवून जा. ‘नको’ एवढे पुरे. कारण सांगावे लागत नाही. पालकांनो, मुलांना सांगून ठेवा, “कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी न्यायला येईन.” त्या रात्री रागावू नका, बोलणे सकाळी होऊ द्या. यजमानांनो, एकदा ‘नको’ ऐकल्यावर दुसऱ्यांदा विचारू नका.

दृढीकरण संस्कारात पवित्र आत्मा आपल्याला धैर्याचे दान देतो. ते केवळ मुलांसाठी नाही. पुढच्या लग्नात एखादा मुलगा ‘नको’ म्हणेल, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून “बरोबर केलेस, बाळा” असे आपल्यापैकी कोण म्हणेल?