गाऱ्हाणे

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की दर्याने शहाण्यासारखे वागावे, ही आम्हां मालवणकरांची अपेक्षा. २०१९ च्या ऐन दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळाने (बर्मी भाषेत क्यार म्हणजे वाघ!) ती धुडकावली. आम्ही देवाला गाऱ्हाणे घातले, ‘ह्या वादळ भायल्या भायर जाऊंदे, म्हाराजा!’ ‘होय म्हाराजा!’ म्हणताना माझाच आवाज मोठा. वादळ खरेच वळले, ओमानच्या दिशेने. मी खुशीत लाडू उचलला, तोच शेजारची काकी म्हणाली, ‘माझो झील मस्कताक आसा रे!’ लाडू घशातच अडकला. आपले ‘भायर’ म्हणजे कुणाचे तरी घरच की! मग गाऱ्हाणे सुधारले : ‘दर्यातच जिरूंदे, म्हाराजा!’ वादळ अखेर अरबी समुद्रातच विरले. देवाला अक्कल होतीच. मागणाऱ्यांना जरा उशिरा आली.