दया की देणे?

आमच्या सीमाभागात दिवाळीच्या सुमारास उसाचे गाळप सुरू होते आणि माळांवर कोप्या उभ्या राहतात. बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे जोडपे चार-पाच महिने भल्या पहाटेपासून फडात राबते. मुलेही बरोबरच असतात. हंगाम संपला की कोप्या मोडतात आणि माळ पुन्हा मोकळा होतो.

आमच्या मंडळीचा तरुण संघ दर नाताळात या कोप्यांवर पांघरुणे वाटीत असे. मीही जात असे, आणि परतताना मनाला मोठे समाधान वाटे. एके वर्षी एका बाईने पांघरूण घेऊन बाजूस ठेवले व म्हटले, “दादा, मागल्या सालचंबी हाय. ह्या लेकीला साळंत घेतील का, तेवढं इचारा की.”

मी दुसऱ्याच दिवशी मायलेकींना घेऊन एका शाळेत गेलो. “आधीच्या शाळेचा दाखला आणा,” असे उत्तर मिळाले. दाखला दूर गावी. मला ते उत्तर रास्त वाटले व मी परत फिरलो. पुढे महिन्याभराने आमच्याच मंडळीतील एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही वा लांबवताही येत नाही. मूल परराज्यातून आले असले तरीही नाही. आम्ही दोघे पुन्हा गेलो. शाळेने कायदा वाचला व मुलीला बसवून घेतले. पण तोवर फेब्रुवारी उजाडला होता. मुलगी जेमतेम सहा आठवडे वर्गात बसली.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडीत नाही. परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसाला आपण जे देतो ती आपली दया, की त्याचे येणे?

वाचकहो, येणे म्हणावे असे पुष्कळ आहे. परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुरांना प्रवासभत्ता, राहण्याची योग्य जागा व औषधोपचार द्यावा, असा कायदा १९७९ सालीच झाला. आता तो २०२० च्या श्रमसंहितेत सामावला आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. तिच्यामुळे घरच्या कार्डावरील धान्य काही येथे व उरलेले गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना घेता येते. महाराष्ट्र सरकारने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापिले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावे व तितकीच भर सरकारने घालावी असे ठरले. त्यांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली.

मग अडते कोठे? धान्याच्या दुकानात यंत्रापुढे बोट ठेवावे लागते, आणि कोयत्याने घासलेल्या बोटाचा ठसा कधी उमटत नाही. दुकान उघडे असते त्या वेळी बाई फडात असते. आणि शाळेच्या दारात दाखला मागितला, की तेथे कायदा जाणणारे कोणी नसते. मी स्वतः तेथे होतो व मलाही ठाऊक नव्हता! तो अज्ञानाचा दोष मी कोणा अधिकाऱ्यावर ढकलू शकत नाही.

कोणी म्हणेल, “सारे हक्काचेच झाले तर प्रीतीला जागा कोठे उरली?” शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी याचे उत्तर रूथच्या पुस्तकात पाहावे. शेतात विसरलेली पेंढी उपरी, अनाथ व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, असा अनुवादात नियम आहे. रूथ मवाबी होती, उपरी होती, विधवाही होती. तेव्हा ती सरवा वेचीत होती तो कोणाच्या मेहरबानीने नव्हे. तथापि दुसऱ्या शेतात तिला उपद्रव होईल, ही भीती नामीला होतीच. नियम सर्व शेतांना एक होता, पण निर्भयपणे वाकून वेचता येईल असे शेत बवाजाचे होते, कारण त्याने आपल्या गड्यांना तिला त्रास देऊ नका असे बजावले आणि काही कणसे मुद्दाम टाकायला लावली. नियमाने शेत उघडले, पण तिला सुखरूप आत घेतले ते माणसाने.

म्हणून मला वाटते, प्रीतीचे काम हक्काच्या जागी भीक घालणे हे नव्हे. ज्याचे त्याला मिळेपर्यंत त्याच्याबरोबर दारात उभे राहणे, हे प्रीतीचे काम होय. यात आपला मान थोडा कमी होतो, हे खरे. पांघरूण देताना आपण दाते असतो, शाळेच्या दारात आपण केवळ सोबती असतो. कदाचित म्हणूनच पहिले काम आपल्याला अधिक आवडत असेल.

आणखी एक गोष्ट. मुलीला गावच्या वसतिगृहात ठेवावे की जवळ ठेवून येथे शिकवावे, हे आपण ठरवू नये. शाळा सुटू नये म्हणून सहा वर्षांच्या लेकराला पाच महिने आईपासून दूर ठेवणे ही लहान किंमत नव्हे. ते तिच्या आईबापांनी ठरवावे. मात्र दोन्ही दारे खरोखर उघडी असली, तरच त्यांना ठरवता येईल.

पांघरुणे अवश्य न्यावीत, माळावरची थंडी खरीच असते. पण यंदा नाताळपर्यंत थांबू नये. कोप्या उभ्या राहतील त्याच आठवड्यात आपल्यापैकी दोघांनी जावे, सहा वर्षांवरील मुले किती आहेत ते विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईबापांबरोबर शाळेत जावे. ती मुलगी पुन्हा आमच्याकडे आली नाही. तिचे गेलेले महिने मला परत देता येत नाहीत. पण दरसाल नव्या कोप्या येतातच.